रोज चालवायची इटालियन रेट्रो: जालन्याच्या उन्हात आणि फुफाट्यात कोणती टिकेल?

प्रश्न थोडक्यात असा: राहणं जालन्यात, नोकरी बदनापूरला, रोजचं जाणं-येणं मिळून चाळीसेक किलोमीटर. महिन्यातून एखाद्या रविवारी वेरूळ, कन्नडचा घाट किंवा बीडकडे फेरी. उंची पाच फूट सहा इंच. जुन्या वळणाची इटालियन गाडीच हवी आहे, पण शोभेसाठी नव्हे, रोज वापरायला. यादीत तीन नावं आहेत: डुकाटी स्क्रॅम्बलर आयकॉन, वापरलेली मोटो गुझी व्ही ९ रोमर आणि बेनेली इम्पेरियाले ४००. यातली कोणती घ्यावी?

आधी "रोज" या शब्दाचा हिशेब मांडू या. दिवसाला ४० किलोमीटर आणि वर्षात कामाचे ३०० दिवस धरले तर १२,००० किलोमीटर झाले. पुण्या-मुंबईत हौस म्हणून बाळगलेली अशी गाडी इतकं अंतर तीन-चार वर्षांत कापते. डुकाटी स्क्रॅम्बलरचे व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपा, तपासायची मुदत १२,००० किलोमीटर आहे, म्हणजे तुमच्याकडे ते काम दरवर्षी येणार. गुझीची मोठी सर्व्हिस १०,००० किलोमीटरला, म्हणजे दर दहा महिन्यांनी. तेव्हा ही निवड शोरूममधल्या रंगावरून किंवा हॉर्सपॉवरवरून करू नका. गाडीचं कोणतं काम जालन्यात होतं, कोणतं तुमच्या अंगणात होऊ शकतं आणि कोणत्या कामासाठी गाडी टेम्पोत घालून जवळपास तीनशे किलोमीटरवर पुण्याला न्यावी लागते, हे बघून करा.

दुसरी गोष्ट ऊन. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि दुपारी तापलेल्या डांबराची झळ खालून वेगळी लागते. तुमच्या यादीतल्या तिन्ही गाड्या हवेवर थंड होणाऱ्या आहेत, पण तिन्हींची रचना निराळी आहे.

गुझीचं व्ही-ट्विन, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेलं इंजिन आडवं बसवलेलं असतं. क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) गाडीच्या लांबीत, आणि दोन सिलिंडर टाकीच्या खालून डावी-उजवीकडे बाहेर आलेले. त्यामुळे दोघांनाही समोरची ताजी हवा सारखीच मिळते. डुकाटीचं इंजिनही गुझीसारखं ९० अंशांच्या व्हीचंच, पण त्यातला एक सिलिंडर पुढे जवळपास आडवा आणि दुसरा त्याच्या मागे उभा असतो. मागच्या सिलिंडरला पुढच्याने तापवलेली, अडलेली हवा मिळते आणि त्याची धग सीटखालून मांडीला लागते. गाडी वेगात असते तोवर जाणवत नाही. गांधी चमनला सिग्नलवर किंवा रेल्वे फाटकावर पाच मिनिटं थांबलात की लगेच जाणवते. स्क्रॅम्बलरला ऑइल कूलर आहे, पण त्यालाही वाहती हवाच लागते.

इम्पेरियालेचं गणित तिसरंच. ३७४ सीसीचा एकच सिलिंडर, ताकद फक्त २१ हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते) ८.५:१. इंजिनवर ताणच कमी, म्हणून उष्णताही कमी. उन्हाळ्यात ती सगळ्यात शांत राहते.

गाडी कोणतीही घ्या, एक सवय लावून घ्या: मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करायचं. इंजिनाच्या तापलेल्या फिनवर (पंखांवर) पाणी मारायचं नाही. आणि ४२ अंशांत वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर एकदम पूर्ण एक्सलरेटर द्यायचा नाही. तसं केलं की इंजिनातून खडे वाजल्यासारखी टकटक ऐकू येते, तेच नॉकिंग. स्क्रॅम्बलरचं कॉम्प्रेशन ११:१ आणि व्ही ९ चं १०.५:१ असल्यामुळे या दोघींना त्याचा धोका जास्त. दोघींना ९५ ऑक्टेनचं पेट्रोल घाला. ते मिळालं नाही त्या दिवशी एक गिअर खाली ठेवून चालवा, टकटक थांबते.

आता धूळ. तुमच्या रस्त्यावर उन्हापेक्षा जास्त नुकसान हीच करते. काळ्या मातीचा फुफाटा पिठासारखा बारीक असतो आणि तेलाला चिकटला की सँडपेपरसारखा घासतो. स्क्रॅम्बलर आणि इम्पेरियालेला चेन आहे. चेनला भरपूर तेल पाजण्याची आपल्याकडची पद्धत इथे उलटी पडते, कारण ओल्या चेनवर माती बसते आणि ओ-रिंग (कड्यांतलं ग्रीस आत धरणारी रबरी रिंग) कापते. दर ५०० किलोमीटरला रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने चेन पुसा, तारेचा ब्रश लावू नका. मग ८०-९० नंबरचं गिअर ऑइल फडक्यावर घेऊन हलका हात फिरवा आणि जास्तीचं कोरड्या फडक्याने टिपून घ्या. चेनला हात लावल्यावर बोट ओलं दिसावं, पण थेंब लोंबू नये.

गुझीला चेनच नाही, मागचं चाक फिरवणारा बंद दांडा म्हणजे शाफ्ट आहे. आपल्या भागात हा त्या गाडीचा सगळ्यात मोठा गुण. मागच्या गिअरबॉक्सचं तेल मुदतीत बदलायचं, एवढंच तिचं मागणं. तेल काढताना ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर जमलेला थर बोटावर घेऊन चोळून बघा. मऊ, काळपट, ग्रीससारखा असेल तर झीज नेहमीची आहे. बोटाला टोचणारे चकचकीत कण आले, तर आतल्या दात्यांची किंवा बेअरिंगची तक्रार सुरू झाली आहे. मागचं चाक निघेल तेव्हा स्प्लाइनच्या (शाफ्टचा जोर चाकाला देणाऱ्या दात्यांच्या) खाचांना मोलिब्डेनमचं ग्रीस लावायला सांगा. टायरवाला हे आपणहून करत नाही, आणि कोरडे पडलेले स्प्लाइन गंज धरून झिजतात. तो खर्च मोठा आहे.

एअर फिल्टरची कंपनीने दिलेली मुदत आपल्याकडे निम्मी धरा. कागदी फिल्टर धुऊ नका, आणि पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची पूर्ण हवा मारून कागद फाडूही नका. नवा टाकलेला बरा. फोर्कच्या (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या) नळ्या आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. वाळलेला चिखल सीलच्या ओठाखाली गेला की तो कापतो, आणि तेल ओघळून थेट ब्रेकच्या डिस्कवर येतं.

पावसाळ्याबद्दल एवढंच की काळ्या रानात या गाड्या घालू नका. तिन्हींचं पुढचं मडगार्ड टायरला जवळ आहे. ओली काळी माती टायरला लागून आत दाटते, आणि शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. मग दोनशे किलोची गाडी चिखलातून ओढायला चार माणसं लागतात. शेतात जायचं असेल तर गाडी डांबरीवर ठेवून चालत जा.

पंक्चरचा मुद्दा जालन्यात फार महत्त्वाचा. एमआयडीसीत लोखंडाच्या मिल आहेत, भंगाराचे ट्रक दिवसरात्र ये-जा करतात आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याचे तुकडे, तारा, खिळे पडलेले असतात. समृद्धी महामार्ग शेजारून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे तुम्ही याच रस्त्यावर असणार. इम्पेरियालेला तारांची चाकं आणि ट्यूब आहेत. पंक्चर झालं की हवा झटकन जाते, आणि २०५ किलोच्या गाडीचं मागचं चाक उतरवून ट्यूब काढणं हे रस्त्याच्या कडेला एकट्याचं काम नाही. स्क्रॅम्बलर आयकॉन आणि व्ही ९ रोमर यांना अलॉय चाकं व ट्यूबलेस टायर आहेत. बत्तीचा (टायरचं भोक बुजवायच्या रबरी पट्टीचा) किट आणि छोटा पंप सीटखाली ठेवला की दहा मिनिटांत रस्ता धरता येतो. स्क्रॅम्बलरच्याच काही आवृत्त्यांना, उदाहरणार्थ डेझर्ट स्लेड किंवा नाइटशिफ्टला, तारांची चाकं आहेत. दिसायला देखणी, पण तुमच्या रस्त्यासाठी आयकॉनच बरी.

टायर मिळण्याचं काय? इथे गुझी अनपेक्षितपणे सोपी पडते. रोमरचं पुढचं टायर १००/९०-१९ आणि मागचं १५०/८०-१६ आहे. हीच जोडी रॉयल एनफिल्डच्या सुपर मिटिऑर ६५० ला लागते, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दुकानातून ती मागवता येते. इम्पेरियालेचं पुढचं टायरही १००/९०-१९, म्हणजे बुलेटवाल्यांच्या ओळखीचं. मागचं १३०/८०-१८ मात्र सांगून ठेवावं लागतं. स्क्रॅम्बलरचं मागचं १८०/५५-१७ स्पोर्ट गाड्यांना चालतं म्हणून मिळतं, पण पुढचं ११०/८०-१८ इथल्या दुकानात सहसा नसतं. ते झिजायच्या दोन महिने आधी मागवा.

आता सगळ्यात कळीचा भाग: व्हॉल्व्ह.

डुकाटीचे व्हॉल्व्ह डेस्मो पद्धतीचे. बाकीच्या गाड्यांत कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. इथे बंद करायलाही वेगळा रॉकर असतो. त्यामुळे प्रत्येक व्हॉल्व्हला दोन मापं तपासावी लागतात, एक उघडण्याचं आणि एक बंद होण्याचं. फरक पडला तर नेमक्या जाडीची शिम (धातूची छोटी चकती) घालावी लागते. शिवाय कॅम फिरवणारे दोन रबरी बेल्ट आहेत, त्यांचा ताण मोजायचा आणि मॅन्युअलमधली किलोमीटरची किंवा वर्षांची मुदत, जी आधी भरेल तेव्हा ते बदलायचे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. हे काम शिमचा संच आणि अनुभव असलेल्या हातांचंच आहे. गल्लीतल्या मिस्त्रीला, तो कितीही हुशार असला तरी, हे देऊ नका.

गुझीचं काम याच्या अगदी उलट. रॉकरच्या टोकाला साधा स्क्रू आणि लॉकनट, म्हणजे जुन्या राजदूत-बुलेटचे टॅपेट ज्याने बसवलेत त्याला ओळखीचं. सिलिंडर बाहेर आलेले असल्यामुळे टाकीसुद्धा काढावी लागत नाही. पद्धत अशी: इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. दोन्ही प्लग काढा. गाडी मागचं चाक उचलून स्टँडवर घ्या, वरचा गिअर टाका आणि चाक हाताने पुढे फिरवा. प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची नळी धरा, पिस्टन वर आला की ती वर सरकते. नळी सगळ्यात वर असताना त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर बोटाने किंचित खुळखुळत असतील, तर ती योग्य जागा. घट्ट असतील तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्या. मग फिलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पात्यांचं माप) घाला. या इंजिनाला इनटेक ०.१० आणि एक्झॉस्ट ०.१५ मिलिमीटर हे माप आहे, तरी आपल्या वर्षाच्या मॅन्युअलशी एकदा ताडून घ्या. पाती किंचित ओढ देत सरकली पाहिजे, लोण्यातून सुरी जावी तशी नको. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. बहुतेकांची चूक इथेच होते. कव्हर बसवताना जुनं गॅस्केट वापरू नका. सगळं मिळून सकाळचे दोन तास.

गुझीच्या उणिवाही सांगायला हव्यात. तिचा क्लच कोरडा असतो, मोटारीसारखा एका प्लेटचा. कन्नडच्या घाटात गाड्यांची रांग लागली आणि तुम्ही अर्धा क्लच दाबून सरकत राहिलात, तर जळका वास यायला वेळ लागत नाही. पुढे वीस-तीस फूट जागा मोकळी होऊ द्या, मग पूर्ण क्लच सोडून जा. इंजिनामागचा सील गळू लागला तर तेल याच प्लेटवर येतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली एक छोटं भोक असतं, तिथे बोट फिरवा. कोरडं असेल तर चांगलं, ओलं असेल तर गिअरबॉक्स उतरवायचं काम समोर आहे. गरम गाडी बंद करून पुन्हा स्टार्ट करताना नुसता "टक" आवाज आला आणि स्टार्टर फिरला नाही, तर लगेच बॅटरी बदलू नका. बऱ्याचदा चावीच्या स्विचमधून स्टार्टरच्या सोलेनॉइडपर्यंत (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्विचपर्यंत) पोचेतो व्होल्टेज पडलेलं असतं. बॅटरीवरून फ्यूजसह स्वतंत्र रिले टाकली की तक्रार जाते, आणि हे काम गावातला चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन करतो. जागेवर उभं राहून एक्सलरेटर दिला की गाडी उजवीकडे झुकते, तो दोष नव्हे. क्रँकशाफ्ट लांबीत असल्याचा तो परिणाम आहे, चालताना तो जाणवतही नाही.

मोटो मोरिनीची सेइएमेझो आणि बेनेलीची लिओनचिनो ५०० कुणी सुचवेल. दोन्ही पाण्यावर थंड होणाऱ्या दोन सिलिंडरच्या, चालवायला गोड. पण रेडिएटर पुढच्या चाकामागे आहे आणि फुफाटा व उडालेला चिखल त्याच्या जाळीत भरतो. दर पंधरा दिवसांनी मागच्या बाजूने हलक्या पाण्याने जाळी धुवायची तयारी असेल तर विचार करा.

"इटालियन" म्हणजे किती इटालियन, हेही स्वच्छ माहीत असावं, कारण सुटा भाग कुठून येतो आणि किती दिवसांत येतो ते त्यावर ठरतं. गुझी १९२१ पासून कोमो सरोवराकाठच्या मांदेल्लो देल लारिओमध्ये बनते, भाग युरोपातून येतात. डुकाटी बोलोन्याची, पण स्क्रॅम्बलर आपल्याकडे थायलंडच्या कारखान्यातून येते. बेनेली १९११ ची, पेसारो गावची, मात्र २००५ पासून मालकी चीनच्या छियानजियांगकडे आहे आणि भारतातला कारभार हैदराबादहून चालतो. नांदेड-लातूरच्या लोकांना हैदराबाद सोयीचं पडतं, जालन्याहून तितकं नाही. इटालियन यंत्र मराठवाड्याला परकं नाही, हे मात्र खरं. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर वेस्पा बनवली, १९७१ मध्ये तो करार संपल्यावर त्याच घराण्यातली चेतक काढली, आणि १९८५ पासून बजाजचा कारखाना तुमच्या शेजारी वाळूजलाच आहे. आवाजावरून इंजिन ओळखणारे जुने हात अजून आहेत, त्यांना मॅन्युअल आणि योग्य हत्यारं द्या.

वापरलेली रोमर बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला आधी सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा सिलिंडरला हात लावा. गरम असेल तर बोलणं पुढच्या दिवसावर टाका, कारण थंड स्टार्टमध्येच खरं कळतं. मल्टिमीटर न्या: बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि ३,००० आरपीएमला १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवी. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही असली तरी सहा वर्षांपुढचं टायर बदलायचं म्हणून किमतीतून वजा करा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) गेला आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एअर फिल्टर काढायला लावा. फिल्टरच्या इंजिनाकडच्या, म्हणजे स्वच्छ राहायला हव्या त्या बाजूच्या नळीत पांढरं फडकं बोटाला गुंडाळून आत फिरवा. फडक्यावर तेलकट डाग आला तर चालेल. पिठासारखी करडी माती आली तर फिल्टर फाटका किंवा चुकीचा बसवलेला होता आणि ती माती पिस्टनपर्यंत गेली आहे. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी नको.

टाकीत टॉर्च मारून गंज बघा. ई२० पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि अर्धी टाकी महिनोन्महिने उभी राहिली की तळाशी गंज धरतो व पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या फुगतात. रोज चालणाऱ्या गाडीला हा त्रास फार कमी, कारण पेट्रोल शिळं होत नाही. पावसाळ्यात गाडी उभी करायची वेळ आली तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा.

कागदांत तडजोड नको. आरसीवरचा इंजिन आणि चासी नंबर स्वतः गाडीवर वाचून जुळवा, परिवहनच्या पोर्टलवर कर्ज आणि विम्याची नोंद बघा. गाडी परराज्यातली असेल तर एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरून किंमत काढा. "इम्पोर्ट आहे, कागद नंतर देतो" असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. विमा घेताना रस्त्यातली मदत किती किलोमीटरपर्यंत गाडी उचलून नेते ते वाचा. जालना ते पुणे त्यात बसतं का, हा तुमच्यासाठी खरा प्रश्न.

तर निर्णय. घरात दुसरी दुचाकी असेल आणि महिन्यातला एक रविवार हत्यारांत घालवायची आवड असेल, तर चांगल्या कागदांची व्ही ९ रोमर घ्या. ५५ हॉर्सपॉवर आणि ६२ न्यूटन मीटरचा जोर, तोही ३,००० आरपीएमलाच, त्यामुळे बदनापूरच्या रस्त्यावर ट्रक ओलांडायला गिअर टाकावा लागत नाही. गाडी बुटकी आहे, तुमच्या उंचीला पाय नीट टेकतात. ती एकटीच घरची गाडी असणार असेल तर इम्पेरियाले घ्या, ८०-८५ च्या वेगात समाधान माना, आणि बँकेत राहिलेल्या पैशातून दोन्ही चाकांच्या जादा ट्यूब आणि चांगलं हेल्मेट घ्या. स्क्रॅम्बलर चालवायला तिघींत सगळ्यात चपळ, कन्नडच्या घाटात तिच्यासारखी मजा दुसरी देत नाही. पण वर्षाला १२,००० किलोमीटर आणि दरवर्षी पुण्याची डेस्मो सर्व्हिस हा खर्च व वेळ आधीच बाजूला काढता येत असेल तरच तिच्याकडे जा.

रोमर घेतलीत तर पहिल्याच महिन्यात एवढं सामान मागवून कपाटात ठेवा: क्लच आणि एक्सलरेटरची एकेक केबल, दोन ऑइल फिल्टर, एक एअर फिल्टर, प्लगचा जोड, व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट, पुढचे-मागचे ब्रेक पॅड, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, काही फ्यूज-रिले आणि १०डब्ल्यू-६० इंजिन ऑइलचे दोन लिटर. यातली कोणतीही वस्तू ऐनवेळी मागवली तर कधी आठवड्यात येते, कधी दोन महिने लागतात, आणि तेवढे दिवस गाडी उभी राहते. नवी केबल आताच जुन्या केबलच्या बाजूने ओवून, दोन्ही टोकं टेपने बंद करून ठेवा. बदनापूरच्या रस्त्यात केबल तुटली तर फक्त टोकं बदलायची.